फळीची खालची ओळ

पाऊस ओसरला की एक दिवस दुकान बंद ठेवायचे आणि सगळ्या घराने गच्चीवर जाऊन फळी बघायची, हा नियम वडिलांनी घातला होता. वडील गेले, नियम राहिला. शेजारच्या दुकानदारांना ह्याचे हसू येई, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. नट-बोल्ट विकणाऱ्या माणसांनी ठेवणीतले कपडे घालून एका जुनाट फळीसमोर उभे राहायचे आणि चहा पिता पिता बोल्टांना पास-नापास करायचे, हे हसण्यासारखेच होते. पण समुद्राच्या बाजूच्या कठड्याला ठोकलेल्या त्या फळीवर ह्या घराचा सारा शब्द उभा होता. दुकानात नवा माल आला की त्यातला एक नमुना आधी फळीवर लागे, काही वर्षे खारा वारा खाई, आणि मगच थोरला भाऊ, म्हणजे दादा, गिऱ्हाइकाला सांगत की हा तुमच्या बांधकामाला चालेल, हा नाही.

फळी धुण्याचे काम धाकट्या भावाचे. तो शाळेत होता तेव्हापासूनचे. आता त्याने पन्नाशी ओलांडली होती, दारातून आधी पोट आत येई आणि मग तो, तरी आई त्याला बाळच म्हणायची आणि आदल्या संध्याकाळी पाण्याची नळी घेऊन गच्चीवर तोच जायचा. धूळ, मीठ, पक्ष्यांची घाण, सगळे गोड्या पाण्याने धुऊन काढायचा, म्हणजे निकाल स्वच्छ दिसावा. ह्या वर्षी त्याने फळी धुताना शीळही घातली.

त्याला कारण होते. शहराबाहेरच्या नव्या क्रीडासंकुलात पोहण्याचा बंदिस्त तलाव बांधला होता, आणि त्याचे सबंध छत ज्या स्टीलच्या सळ्यांवर टांगले होते त्या सळ्या, नट, वॉशर सगळे ह्या दुकानातून गेले होते. ते काम धाकट्याने आणले होते. एकट्याने. त्याआधीचे त्याचे उद्योग, म्हणजे प्लॅस्टिकच्या खुंट्यांची एजन्सी आणि भाड्याने ड्रिल देण्याचा धंदा, हे दोन्ही कसे बुडाले ते घरात कुणी काढत नसे. ते न काढण्याची काळजी सगळे जरा जास्तच घेत, आणि तेच त्याला टोचत असे. तलावाचे काम आले तेव्हा मात्र दादा जेवताना सगळ्यांदेखत म्हणाले होते, "बरं काम आणलंस." दादांच्या तोंडून एवढे निघणे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून पोवाडा. धाकटा ते तीन शब्द वर्षभर पुरवून पुरवून वापरत होता.

पुढच्या आठवड्यात उद्‌घाटन होते. त्यामुळे त्या सकाळी गच्चीवर सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता.

आईला खुर्चीसकट वर आणले होते. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, चहाचे पेले नेहमीप्रमाणे फळीवरच्या पत्र्याच्या पट्टीवर मांडले. ती पट्टी वडिलांनीच फळीच्या मधोमध आडवी ठोकली होती, चहा ठेवायला सोय म्हणून. पट्टीच्या वर बोल्टांच्या ओळी, आणि पट्टीच्या खाली आणखी एक ओळ, जी बघायला वाकावे लागे. दादांचे गुडघे धरले तेव्हापासून ती कुणी बघत नसे.

दादांनी वरून सुरुवात केली. साध्या लोखंडाचा खिळा ओळखू येत नव्हता. जस्त चढवलेले बोल्ट राखाडी आणि खरबरीत झाले होते. तीनशे चार नावाच्या स्टेनलेसवर तपकिरी ठिपके आले होते. आणि तीनशे सोळा, ज्यात खाऱ्या हवेला तोंड द्यायला थोडे मॉलिब्डेनम घातलेले असते, तो वडिलांनी स्वतः लावलेला बोल्ट अजून लखलखीत होता. दादांनी त्यावर नख वाजवले आणि वडिलांचे ठरलेले वाक्य म्हटले, "घरात तीनशे चार, खाऱ्या वाऱ्यात तीनशे सोळा, आणि मधल्या जागी गिऱ्हाइकाची ऐपत." सगळे ठरल्याप्रमाणे हसले.

दादांची मुलगी तेवढ्यात जिना चढून आली. तिचे केस ओले होते. ती धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करायची, कमी बोलायची आणि बोलली की समोरच्याला उत्तर सुचत नसे, त्यामुळे घरात तिच्यावर सगळ्यांची माया होती आणि थोडी भीतीही. संकुलाच्या व्यवस्थापकांनी काकांच्या शब्दाखातर तिला उद्‌घाटनाआधीच पोहायला सोडले होते. धाकट्याने मोठ्या हौसेने विचारले, कसा आहे तलाव. ती म्हणाली, छान आहे, पाणी कोमट आहे, आणि ती बराच वेळ पाठीवर तरंगत छताकडे बघत होती.

"काका, त्या सळ्या तीनशे सोळाच्या आहेत ना?"

"मग काय, सुतळीनं बांधलंय छत?"

ती हसली नाही. दादांकडे वळून म्हणाली, "बाबा, खालची ओळ बघितलीत?"

दादा वाकू शकत नव्हते, म्हणून धाकटाच वाकला, एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने पोट सावरत. पट्टीखाली वडिलांच्या हातचे बोल्ट होते, डोक्यावर तोच तीनशे सोळाचा ठसा, वरच्या लखलखीत बोल्टाच्याच खोक्यातले. ते तपकिरी पडले होते. वॉशरच्या कडेला सुईने टोचावे तशी बारीक भोके होती. धाकटा उभा राहिला आणि म्हणाला की वरून चहा सांडला असणार.

"इतकी वर्षं ह्या घरात चहा सांडून उरतो का?" वहिनी म्हणाल्या.

मुलीने मग सावकाश सांगितले. स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारे असे नसते. त्याच्या अंगावर एक पातळ थर असतो, तो स्वतःला सांधत राहतो म्हणून ते टिकते. मीठ किंवा क्लोरीन वर साचून राहिले की तो थर जागोजाग फुटतो. "वरच्या ओळी टिकल्या, कारण त्यांना पाऊस धुतो. आणि काका धुतात. पट्टीखाली पाऊस पोचत नाही आणि काकांची नळीही पोचत नाही. तलावाच्या छताला कोण धुणार? पाण्यातला क्लोरीन वाफेबरोबर वर जातो आणि सळीवर सुकतो. रोज."

"डाग पडतील," दादा म्हणाले. "पुसता येतील."

"डाग पडले तर बरंच, बाबा. दिसतील तरी. ह्या फळीवरच्या बोल्टांना काही काम नाही, ते नुसते बसलेत. त्या सळ्यांना छत सारखं खाली ओढतंय. ओढ आणि क्लोरीन एकत्र आले की डाग न पडताही तडे जातात, केसासारखे. सळी बाहेरून चकचकीत असते आणि एक दिवस तुटते. तिचा भार शेजारच्या सळीवर येतो, मग तीही."

"कधी?" धाकट्याने विचारले. त्याच्या हातातला चहा तसाच होता.

"सांगता येत नाही. काही वर्षांनी. कदाचित कधीच नाही."

हे 'कदाचित कधीच नाही' धाकट्याने झटकन उचलले. खाली दुकानावरच्या ऑफिसात सगळे लांब टेबलाभोवती बसले तोवर त्याने त्या तीन शब्दांवर अख्खा किल्ला बांधला होता. जे कदाचित कधीच होणार नाही त्यासाठी बांधून झालेले छत उतरवायला सांगायचे, म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा. उद्या गावभर होईल की ह्यांचा माल तुटतो. मुलगी हुशार आहे, पण प्रयोगशाळेत बसून सगळ्याच गोष्टी तुटताना दिसतात. तो बोलत राहिला. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, आणि त्याने तर आयुष्यभर तीच खपवली होती. त्याची बायको मान डोलवत होती. दादाही अजून त्याच्याच बाजूला होते, निदान त्यांची खुर्ची तरी होती.

वहिनींनी मध्येच विचारले की दुसरे काही स्टील नव्हते का.

होते. बांधकामाच्या इंजिनिअरनेच सुचवले होते. मॉलिब्डेनम पुष्कळ जास्त असलेली एक जात, अशा छतांसाठीच वापरतात ती. दादांनी ती नाकारली होती. ती ह्या घराच्या फळीवर कधी लागली नव्हती, आणि जे फळीवर बसले नाही ते दादा कुणाला देत नसत. धाकट्याला ती बैठक चांगली आठवत होती. इंजिनिअर जरा कुरकुरला तेव्हा त्यानेच छाती पुढे काढून सांगितले होते, "साहेब, आमचा माल समुद्रानं पास केलाय." त्यावर सगळे खूश झाले होते, आणि धाकटा सगळ्यांत जास्त.

"फळी ह्यांनी प्रश्न विचारायला लावली होती," इतका वेळ डोळे मिटून बसलेली आई म्हणाली. "तुम्ही तिची पूजा मांडलीत."

दादांनी ते खाली मान घालून ऐकले. मग त्यांनी एक मार्ग काढला. सळ्या बदलायच्या, पण बोभाटा करायचा नाही. उद्‌घाटन होऊ द्यावे, तलाव चालू द्यावा, आणि पहिल्या देखभालीच्या वेळी आपणच आपली माणसे पाठवून एकेक सळी बदलून टाकावी. खर्च आपला. कारण विचारले तर सांगावे की आमची ही नेहमीची पद्धत आहे. धाकट्याच्या जिवात जीव आला. ही तर सोन्याहून पिवळी युक्ती होती. काम राहील, मैत्री राहील, छतही राहील. तो लगेच माणसांची जुळवाजुळव मनात करायला लागला.

आणि इथे त्याची बायको त्याची बाजू सोडून उठली. खरोखरच खुर्चीवरून उठली आणि टेबलाला वळसा घालून पुतणीशेजारी जाऊन बसली. "पहिल्या देखभालीपर्यंत आपली नात त्याच छताखाली पोहायला शिकणार आहे ना?" ती म्हणाली. "तुम्हीच तिचं नाव घातलंय. सगळ्यांत आधी."

धाकट्याच्या मनातली जुळवाजुळव तिथेच थांबली.

वहिनी तर सून म्हणून ह्या घरात आल्यापासून चारचौघांत दादांच्या शब्दाविरुद्ध बोलल्या नव्हत्या. त्या आज बोलल्या, आवाज न चढवता, टेबलावरचे पेले गोळा करत. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे. आपण गुपचूप बदलले तर त्या लोकांना कळणार नाही की चुकले काय. मग पुढचे छत ते पुन्हा तसेच टांगतील, आणि आपल्याकडचाच माल मागतील, कारण तो टिकला असे त्यांना वाटेल.

दादांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला, पण हात त्यावरून उचलला नाही. धाकट्याला वाटले, वहिनींचे बोलणे लागले असावे. म्हणून तो दादांच्या बाजूने काही बोलायला तोंड उघडत होता.

"टांगलंय," दादा म्हणाले.

"काय?"

"पुढचं नाही. आधीचं. दवाखान्यातला गरम पाण्याचा हौद."

तो हौद सगळ्यांना माहीत होता. ज्यांचे हातपाय आखडलेत, ज्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, अशांना त्यात उतरवून व्यायाम देत. दादांचे ते काम जुने, धाकटा ड्रिल भाड्याने देत होता त्या काळातले. दादांनी तुटक तुटक सांगितले. छत आहे. शिवाय माणसांना उचलून पाण्यात सोडायचा एक पाळणा आहे, तो ज्या रुळावर फिरतो तो रूळही त्याच सळ्यांवर लटकलाय. तीनशे सोळाच्या. "मी अधूनमधून जाऊन बघून येतो. मान वर करून बघतो. चकाकत असतात. मला बरं वाटतं आणि मी परत येतो."

मुलीने फक्त एवढेच विचारले की तिथे गरम पाण्याला क्लोरीन जास्त लागतो ना. दादांनी मान हलवली.

धाकटा आपल्या भावाकडे बघत राहिला. लहानपणापासून ह्या माणसाच्या मागे चालताना त्याने त्यांची पाठच जास्त पाहिली होती. ती नेहमी सरळ असे आणि त्याला तिचा राग येई. आज तो भाऊ टेबलापलीकडे इतका लहान होऊन बसला होता की धाकट्याला आपल्या वर्षभराच्या दिमाखाची लाज वाटली, आणि मायाही आली. तलावाचे काम राहते की जाते हा प्रश्न त्याच्या मनातून त्या क्षणी पार पुसला गेला. लाखमोलाची ती शाबासकी आता त्याला कुणी परत दे म्हटले असते तर त्याने दिली असती.

दादांनी टेबलावरचा फोन ओढला आणि नंबर लावला. पलीकडून बाईचा आवाज आला. दादा म्हणाले, "मी..." आणि पुढे काही येईना. धाकट्याने उठून त्यांच्या हातातून रिसीव्हर हळूच काढून घेतला आणि बटण दाबून आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"बाई, आत्ता हौदात कुणी आहे का?"

"आहेत की. सकाळची मंडळी आहेत. का?"

"त्यांना बाहेर काढा. वरचा पाळणा वापरू नका, हातानं धरून काढा. छत आणि रूळ ज्या सळ्यांवर आहेत त्या आम्ही दिल्यात. त्या तिथे चालत नाहीत. कधीही तुटू शकतात."

"म्हणजे? कोण बोलतंय?"

"सळ्या देणारे. तुमच्या साहेबांशी आम्ही बोलतो, लेखी देतो, आत्ता तिकडे येतोसुद्धा. पण आधी माणसं काढा. मी फोन धरून थांबतो."

एवढे कमी शब्द त्याने आजवर फोनवर वापरले नव्हते. ह्याहून जास्त तर त्याला नमस्काराला लागत.

पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि मग बाईंची हाक, कुणाला तरी मदतीला बोलावणारी. फोनमधून पाणी ऐकू येत होते. ज्यांना धड चालता येत नाही त्यांना पाळण्याशिवाय पाण्याबाहेर काढणे म्हणजे काय, हे त्या टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला तेव्हा कळले. "माझा हात धरा." "हा पाय आधी. नाही, हा." कुणी म्हातारा तक्रार करत होता की आत्ताच तर उतरलो, अंग जरा कुठे मोकळे होत होते. त्याला कुणी तरी म्हणाले, उद्या जास्त वेळ देऊ. पुन्हा पाणी. एक बाई धापा टाकत होती आणि दुसरी तिला म्हणत होती, घाई नाही, घाई नाही.

घाई होती. धाकट्याची बायको पुतणीचा हात घट्ट धरून बसली होती. आईने डोळे उघडे ठेवले होते. दादा टेबलावर दोन्ही कोपरे टेकून फोनकडे असे बघत होते की जणू नजरेनेच ते छत तोलून धरताहेत. धाकट्याने दुसरा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. इतक्या वर्षांत त्याने कधी तसा ठेवला नव्हता.

खूप वेळाने बाईंचा आवाज परत आला. "झालं. सगळे बाहेर आहेत. एक आजोबा रागावलेत, पण बाहेर आहेत. दाराला कुलूप लावतेय."

"लावा," धाकटा म्हणाला. "किल्ली तुमच्याजवळच ठेवा. आम्ही निघालोच."

दादांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पण काच पुसायला पुन्हा काढावा लागला. मुलीने उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ते म्हणाले की गाडी काढा, दवाखान्यात आपण स्वतः जायचे. मग धाकट्याकडे बघून जरा अडखळत म्हणाले, "तलावाचं मी सांगतो. निवड माझी होती."

"काम माझं आहे, दादा," धाकटा म्हणाला, आणि त्याने नंबर लावला.

संकुलाच्या व्यवस्थापकांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला. ते भलतेच खुशीत होते. धाकट्याला बोलूच देईनात. म्हणाले, उद्‌घाटनाचा फलक आत्ताच रंगवून आलाय, दारातच लावलाय, आणि छताच्या कामाखाली दुकानाचे नाव न घालता खास तुमचे एकट्याचे नाव घालायला सांगितलेय, मोठ्या अक्षरांत. येऊन बघा तरी. धाकट्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. असा फलक कुठे लागेल असे त्याला जन्मात वाटले नव्हते.

"नाव राहू द्या," तो म्हणाला. "आधी छत उतरवा."